स्वातंत्र्य-टेकडीवरील शाळा

शाळेस गावाचे नाव मिळते हा सर्वत्रचा रिवाज आहे. परंतु शाळेमुळे गावास नाव मिळाल्याची उदाहरणे फारशी आढळत नाहीत. तोकियो शहराच्या नैर्ऋत्येस, शिबुया स्थानकापासून रेल्वेने सात किलोमीटरांवर, जियुगाओका नावाचे एक उपनगर आहे. 'जियु' म्हणजे स्वातंत्र्य व 'ओका' म्हणजे टेकडी. हे नाव कोणा राजाने दिलेले नाही की कोणा देवस्थानावरून आलेले नाही. ते १९२८ साली तेथे निघालेल्या एका खाजगी शाळेचे नाव होय. त्याच शाळेच्या जागेवर पुढे १९३७ साली 'तोमोए गाकुएन' ही दुसरी शाळा उभी राहिली, आठ वर्षे चालली आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळून गेली. ह्या दुसऱ्या शाळेस आज जगभर वाचक ओळखतात, कारण तिच्या एका विद्यार्थिनीने, तेत्सुको कुरोयानागी हिने, तिच्यावर 'खिडकीपाशी उभी असलेली तोत्तोचान' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक पुस्तक लिहिले. चेतना सरदेशमुख गोसावी ह्यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले असून, महाराष्ट्रात शिक्षणाविषयी आस्था बाळगणाऱ्या घरी ते बहुधा असतेच.

तरीही प्रस्तुत लेखकास एक तक्रार नोंदवावीशी वाटते. आपण हे पुस्तक वाचतो ते बालपणाची गोड गोष्ट म्हणून, अथवा आदर्श शाळेची कृती म्हणून. आगगाडीच्या डब्यांचे वर्ग, डोंगराकडचे थोडे व समुद्राकडचे थोडे असा डबा, मुलांचे सर्व ऐकून घेणारे हेडमास्तर, एवढे लक्षात राहते. काळ मात्र लक्षात राहत नाही. ही शाळा ज्या वर्षी निघाली त्याच १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर उघड युद्ध लादले, आणि ज्या वर्षी ती जळाली त्या वर्षी जपानचे साम्राज्य संपले. म्हणजे तिचे आयुष्य हे त्या युद्धाचेच आयुष्य होय. अशा काळात, राजधानीच्या अगदी कुशीत, 'स्वातंत्र्य' हा शब्द नावात वागविणाऱ्या गावी अशी शाळा चालली तरी कशी, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर त्या पुस्तकाच्या पानांतच, पण ओझरते, सापडते.

प्रारंभ थोडा मागे जाऊन केला पाहिजे. मेजी राजवटीत १८७२ साली जपानने सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा केला आणि दोन पिढ्यांत जवळजवळ सारे राष्ट्र शाळेत बसविले. आशिया खंडात अशी गोष्ट पूर्वी झाली नव्हती, व आपल्याकडील सुधारकांना तिचे केवढे कौतुक वाटे हे जुनी मासिके चाळणाऱ्यास ठाऊक आहे. परंतु ह्या यशास एक दुसरी बाजू होती. १८९० साली सम्राटाची शिक्षणविषयक आज्ञा निघाली; शाळाशाळांतून ती समारंभपूर्वक वाचावयाची, सम्राटाच्या तसबिरीस वंदन करावयाचे, आणि निष्ठा व पितृभक्ती हीच विद्येची अखेर मानावयाची, असा परिपाठ पडला. १९०३ पासून प्राथमिक पाठ्यपुस्तके सरकारच तयार करू लागले. एकाच दिवशी एकच धडा साऱ्या देशात चालावा हे ज्यास आदर्श वाटते त्यास ही व्यवस्था निर्दोष वाटेल.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, म्हणजे तैशो सम्राटाच्या कारकीर्दीत, ह्या व्यवस्थेविरुद्ध शिक्षकांतूनच एक कुजबूज सुरू झाली. १९१७ साली सावायानागी मासातारो ह्यांनी सेइजो नावाची एक प्रायोगिक प्राथमिक शाळा काढली. हे गृहस्थ पूर्वी शिक्षणखात्यातील मोठे अधिकारी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खात्याचे दोष खात्यात राहिलेल्यासच चांगले ठाऊक असतात. १९२१ च्या ऑगस्टात तोकियोत नव्या शिक्षणावर आठ वक्त्यांची व्याख्यानमाला झाली व तीस देशभरातून शिक्षक लोटले. त्या आठांपैकी एक ओबारा कुनियोशी; ह्यांनी पुढे १९२९ साली तामागावा गाकुएन ही संस्था स्थापिली. दुसरे तेझुका किशिए. चिबा येथील अध्यापनशाळेस जोडलेल्या प्राथमिक शाळेचे हे प्रमुख. मुलाने आपला अभ्यास आपण ठरवावा व वर्गाचा कारभार वर्गाने चालवावा हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यास ते सरळ 'स्वातंत्र्यशिक्षण' म्हणत. ह्या शब्दाबद्दल त्यांना अधिकाऱ्यांचा रोष सोसावा लागला. सरकारी शाळेत राहून हे साधणार नाही हे पाहून त्यांनी १९२८ साली तोकियोच्या सीमेबाहेरील एका टेकाडावर 'जियुगाओका गाकुएन' काढले.

जागेची निवडही त्या काळाने केलेली होती. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने व आगीने जुने तोकियो बेचिराख झाले, आणि मध्यम वर्गातील कुटुंबे पश्चिमेकडील शेतांत व बांबूच्या बनांत घरे बांधू लागली. त्यांच्या मागोमाग, किंबहुना त्यांच्या पुढेच, खाजगी रेल्वे-कंपन्या धावल्या. कंपनीने रूळ टाकावे, रुळाशेजारची जमीन विकावी, आणि जमीन घेणाऱ्याने रोज कंपनीच्याच गाडीने कचेरीत जावे, असा तो व्यवहार होता. १९२७ च्या ऑगस्टात शिबुयाहून निघणारा मार्ग येथवर आला तेव्हा जवळच्या बौद्ध मंदिरावरून स्थानकास 'कुहोनबुत्सु' असे नाव दिले गेले. दोन वर्षांनी दुसरा मार्ग निघाला, त्याचे एक स्थानक त्या मंदिराच्या अधिक जवळ पडले, व पहिल्या स्थानकास नवे नाव शोधणे प्राप्त झाले. तेव्हा तेथील रहिवाशांनी (त्यांत नव्या पद्धतीचा प्रसिद्ध नर्तक इशिई बाकु हा प्रमुख होता) शाळेच्या नावाचा आग्रह धरला, आणि १९२९ साली एका शिक्षकाचा सिद्धान्त स्थानकाच्या पाटीवर लागला. १९३२ साली तोकियो शहराने भोवतालची गावे पोटात घेतली तेव्हा हा भाग मेगुरो विभागात आला.

दादर-पार्ल्याच्या वाचकास हे सारे ओळखीचे वाटावे. मात्र आपल्या स्थानकांस शाळेचे नाव द्यावे असे आपल्यापैकी कोणास सुचल्याचे ऐकिवात नाही.

तेझुका १९३६ साली वारले. संस्था अडचणीत होतीच. तिचे वरचे वर्ग निराळ्या हाती गेले. प्राथमिक शाळा व बालवर्ग १९३७ साली सोसाकु कोबायाशी ह्यांनी घेतले, व त्यांस 'तोमोए' असे नाव दिले. 'तोमोए' हे स्वल्पविरामाच्या आकाराचे एक जुने जपानी चिन्ह आहे. अशी दोन चिन्हे, एक काळे व एक पांढरे, एकमेकांत गुंफून शाळेची मुद्रा केली होती. शरीर व मन ह्यांचा मेळ असा तिचा अर्थ. 'स्वातंत्र्य' हा शब्द शाळेच्या नावातून येथे गळला हे खरे. ते सावधगिरीने झाले की निव्वळ आवडीने, ह्यावर तर्क करण्याचे कारण नाही. कोबायाशींच्या मुलाचे नावही तोमोए होते.

कोबायाशी हे १८९३ साली गुन्मा प्रांतात जन्मलेले. संगीताचे शिक्षण घेऊन त्यांनी शिक्षकी पत्करली, आणि सरकारी शाळांतील संगीत म्हणजे ठरलेली गाणी ठरलेल्या स्वरात म्हणविणे एवढेच, हे पाहून ते बेचैन झाले. भूकंपानंतरच्या वर्षांत ते युरोपात गेले असता पॅरिसमध्ये त्यांची गाठ एमील जाक-दाल्क्रोझ ह्या स्विस संगीताचार्यांशी पडली. दाल्क्रोझांचे म्हणणे असे की, लय ही आधी अंगात यावी व मग कागदावर. स्वर ऐकून पाय, हात व मान हे निरनिराळ्या मात्रांनी हलू लागले म्हणजे मुलाचे अवधान आपोआप बांधले जाते. आपल्याकडे तालाचे शिक्षण टाळी व खाली ह्यांपासूनच सुरू होते, म्हणून हे तत्त्व आपणांस नवे वाटणार नाही. परंतु त्यावर साऱ्या प्राथमिक शिक्षणाची मांडणी करावी हे आपल्यालाही सुचले नाही. कोबायाशी वर्षाहून अधिक काळ त्यांच्यापाशी शिकले आणि ही विद्या जपानात रुजविणाऱ्यांत अग्रगण्य झाले. परतल्यावर सेइजो येथे ओबारांच्या सोबतीने बालशाळेत काम करून, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते स्वतःच्या शाळेत आले.

ती शाळा किती लहान होती! सारी मिळून पन्नासएक मुले. इमारत पुरेशी नव्हती, म्हणून मोडीत निघालेले आगगाडीचे डबे आणून त्यांत वर्ग मांडले. रेल्वेने वसविलेल्या उपनगरात, रोज रेल्वेने येणारी मुले, रेल्वेच्याच डब्यात बसून शिकत. ही केवळ गंमत नव्हे, काटकसरही होती. सकाळी शिक्षिका त्या दिवशीच्या साऱ्या विषयांतील कामे फळ्यावर लिहून ठेवी व ज्याला जे प्रथम करावेसे वाटेल ते त्याने करावे. कोणी स्पिरिटच्या दिव्यावर काही उकळीत बसला आहे, त्याच्याच बाजूस कोणी निबंध लिहीत आहे, असा तो वर्ग होता. सकाळीच सारी कामे उरकली तर दुपारी कुहोनबुत्सुच्या मंदिरापर्यंत फिरावयास जावयाचे. वाटेत फुलांच्या केसरांची, विहिरीची व देवळातील मूर्तींची जी माहिती होई तिला धडा असे कोणी म्हणत नसे. सभागृहाच्या लाकडी जमिनीवर हेडमास्तर पियानोवर वाजवितील ते सूर मुलांनी खडूने लिहावे व मग ती सारी जमीन त्यांनीच घासून पुसावी. खडूने भिंती रंगविण्याची हौस त्यामुळे कोणास उरत नसे, असे लेखिकेने मोठ्या मार्मिकपणे म्हटले आहे.

मुले व मुली एकत्र. सरकारी प्राथमिक शाळांतून पहिल्या वर्षांनंतर मुलामुलींचे वर्ग शक्यतो निराळे करण्याकडे कल असे, आणि माध्यमिक शिक्षण तर पूर्णपणे विभक्त होते. सहशिक्षणास कायद्याने स्पष्ट मान्यता मिळाली ती १९४७ च्या मूलभूत शिक्षणकायद्याने. तोमोएमध्ये सहशिक्षणाचा गाजावाजा नव्हता, पण ते अर्धेमुर्धेही नव्हते. पोहण्याच्या तलावात सारी मुले उघड्या अंगाने उतरत. ह्यामागे हेडमास्तरांचा विचार असा होता की, मुलामुलींनी एकमेकांच्या शरीराविषयी विकृत कुतूहल बाळगू नये. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांचे शरीर इतरांसारखे नव्हते त्यांस त्याची लाज वाटू नये. शाळेत पोलिओने अधू झालेला एक मुलगा होता, वाढ खुंटलेला दुसरा एक होता. क्रीडामहोत्सवाचे खेळ असे योजले जात की, ठेंगण्या अंगाचा तो दुसरा मुलगाच ते जिंकीत जाई. आणि बक्षिसे म्हणजे मुळा, पालक असल्या भाज्या! ही युक्ती मुलांस कळली नाही. लेखिकेस ती कळली ती कित्येक वर्षांनी.

येथे साधनाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तेत्सुकोचा जन्म १९३३ चा; पहिल्या शाळेतून पहिलीतच तिचे नाव काढून टाकण्यात आले, कारण ती खिडकीशी उभी राहून रस्त्यातल्या वाजंत्र्यांस हाक मारी. मग १९४० च्या सुमारास ती तोमोएत आली. तिने लिहावयास घेतले ते १९७९ साली, एका मासिकातून क्रमशः, आणि पुस्तक निघाले १९८१ साली. सात वर्षांच्या मुलीने पाहिलेले चाळिशी उलटलेल्या स्त्रीने लिहिले आहे. त्यातील संवाद शब्दशः खरे मानणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाही. ज्या कोमल चित्रांमुळे पुस्तक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ती चिहिरो इवासाकी ह्या चित्रकर्तीची असून, ती १९७४ सालीच निवर्तली होती; चित्रे पुस्तकासाठी काढलेली नव्हेत, तिच्या संग्रहातून निवडलेली आहेत. शीर्षकातही त्या काळचा एक चिमटा आहे. कचेरीत ज्यास काही काम उरले नाही अशा वृद्ध नोकरास खिडकीपाशी बसवीत व त्यास 'खिडकीवाले' म्हणत. तेव्हा ही शाळा आपणांपर्यंत आली आहे ती आठवणीच्या, आणि कृतज्ञतेच्या, काचेतून. परंतु कृतज्ञ साक्षीदार हा खोटा साक्षीदारच असतो असे नाही. आणि ह्या साक्षीदाराने जे स्वतःच्या गुरूच्या बाजूचे नाही तेही लपविलेले नाही.

उदाहरणार्थ, मासाओ नावाच्या मुलाचे प्रकरण घ्या. हा तिच्या घरच्या रस्त्यावर, रुळांजवळ राहणारा कोरियन मुलगा. एके दिवशी तो तिच्या अंगावर 'कोरियन!' असे शिवीसारखे ओरडतो. तिला अर्थ कळत नाही. आईच्या डोळ्यांत पाणी येते, कारण तिच्या ध्यानी येते की, त्या मुलास लोक ह्याच शब्दाने हिणवितात आणि हा शब्द म्हणजे शिवी अशीच त्याची समजूत झाली आहे. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. मासाओ तोमोएत शिकत नव्हता. स्वातंत्र्य-टेकडीवरील त्या शाळेत पोलिओ झालेल्या मुलास जागा होती. रुळांपलीकडच्या मुलास होती की नाही हा प्रश्न लेखिका विचारीत नाही, पण ते प्रकरण पुस्तकात ठेवून तिने तो आपल्यापुढे ठेवला आहे. फी देऊ शकणाऱ्या, वादक-कलावंत अशा व्यवसायातील, आणि लोक काय म्हणतील ह्याची पर्वा न करणाऱ्या आईबापांची ती शाळा होती. तेत्सुकोचे वडील नामांकित व्हायोलिनवादक होते.

काही वर्षांपूर्वी एका अध्यापक-शिबिरात मी ह्या शाळेवर मोठ्या उत्साहाने व्याख्यान दिले. संपल्यावर मागच्या बाकावरील एक मध्यमवयीन शिक्षिका उठून म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात अडुसष्ट मुले आहेत. मी त्यांतल्या एकाचे चार तास ऐकत बसले, तर बाकीच्या सदुसष्टांचे काय?" मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, ह्यावरूनच ते उत्तर कसे असेल ते वाचकांनी ओळखावे. त्या बाईंचा प्रश्न मात्र मला सोडीत नाही, आणि हा लेख काही अंशी त्या प्रश्नापोटीच लिहिला आहे.

कारण तोमोएच्या टिकण्याचे रहस्य तिच्या लहानपणातच होते. लेखिका सांगते की, कोबायाशींस प्रसिद्धीचा तिटकारा होता. शाळेची छायाचित्रे काढू देणे, तिची पद्धत जगापुढे मांडणे, ह्या गोष्टी ते टाळीत. एरवी हा विनय म्हणून सोडून देता आला असता. परंतु १९३७ नंतरच्या जपानात अप्रसिद्धी ही ढाल होती. १९४१ च्या एप्रिलात सरकारी प्राथमिक शाळांचे नावच बदलून त्यांस 'राष्ट्रीय शाळा' करण्यात आले व सम्राटाची सांगितलेली प्रजा घडविणे हा त्यांचा हेतू कायद्यात लिहिला गेला. अशा वेळी तेझुकांप्रमाणे व्यासपीठावरून 'स्वातंत्र्यशिक्षण' म्हणणारा मनुष्य टिकला नसता. पन्नास मुलांची, मोडक्या डब्यांतील, संगीताच्या नादी लागलेल्या एका मास्तरची शाळा कोणाच्या डोळ्यांत भरणार? व्याख्यानांच्या पिढीने सिद्धान्त दिला आणि स्थानकास नाव दिले; मूक पिढीने तो सिद्धान्त आठ वर्षे जगविला. मात्र जे मुकाट्याने जगले ते शेजारच्या शाळेतही पोचू शकले नाही. अडुसष्ट मुलांच्या वर्गास तोमोएपाशी उत्तर नाही, ह्याचे कारण तिची पद्धत स्वप्नाळू होती हे नसून, उत्तर देण्याइतके मोठ्याने बोलण्याची तिला सोयच नव्हती हे आहे. ह्याबद्दल कोबायाशींस दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. पण ही किंमत होती, आणि ती पुस्तकाच्या गोडीत विसरली जाते.

युद्ध त्या कुंपणाच्या आतही आलेच. अमेरिकेत वाढलेला मियाझाकी नावाचा एक मुलगा वर्गात दाखल झाला होता. तो मुलांस इंग्रजी शब्द शिकवी, मुले त्यास जपानी शब्द व वहाणा काढून आत येण्यासारखे रिवाज शिकवीत. हा देवघेवीचा व्यवहार रंगात आला असताना १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बर झाले, आणि जी भाषा डब्यात आनंदाने घोकली जात होती ती शत्रूची भाषा ठरली. शाळेचा शिपाई सैन्यात गेला. मिठाईची यंत्रे रिकामी झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाऊन लष्करी गाणी वाजविली तर साखर-तांदूळ मिळतील असे तेत्सुकोच्या वडिलांस सांगण्यात आले. त्यांनी आपल्या व्हायोलिनवर ती गाणी वाजविण्याचे नाकारले. घरात अन्न नसता दिलेला हा नकार मला त्या साऱ्या पुस्तकातील सर्वांत धैर्याची गोष्ट वाटते, आणि ती शाळेबाहेर घडलेली आहे. पुढे तेही सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले, व युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनी परतले.

१९४४ च्या उन्हाळ्यापासून तोकियोतील शाळकरी मुलांस खेड्यांत हलविण्यास प्रारंभ झाला. १९४५ च्या मार्चात शहराचा पूर्व भाग एका रात्रीत जळाला व सुमारे एक लक्ष माणसे मेली. एप्रिल-मेमध्ये नैर्ऋत्येकडील उपनगरांची पाळी आली. तोमोएचे लाकडी डबे त्याच वर्षी बॉम्बच्या आगीत भस्म झाले. रस्त्यावर उभे राहून ती आग पाहत असता कोबायाशींनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलास, आता पुढची शाळा कशी बांधावी, असे विचारले, असे लेखिका लिहिते. ती स्वतः तेथे नव्हती. कुटुंबासह ती उत्तरेकडे आओमोरीच्या वाटेवर होती. तेव्हा हा प्रसंग ऐकीव होय, आणि तो तसाच घेतला पाहिजे. तथापि पुढील वर्षांतील कोबायाशींचे वर्तन त्याशी विसंगत नाही.

शांतता झाल्यावर त्यांनी त्याच जागी बालशाळा पुन्हा उभी केली, आणि कुनिताची संगीत महाविद्यालयात लयशिक्षणाच्या अध्यापनास व तेथील शाळेच्या उभारणीस हातभार लावला. सम्राटाच्या आज्ञेचे वाचन बंद झाले होते, सहशिक्षण कायदेशीर झाले होते, 'स्वातंत्र्य' हा शब्द आता सरकारच छापीत होते. मोठ्याने बोलण्यास हरकत उरली नव्हती. परंतु पैसा नव्हता व वय झाले होते. प्राथमिक शाळा पुन्हा उभी राहण्यापूर्वी १९६३ साली कोबायाशी वारले. मोठेपणी तोमोएत शिक्षिका होईन असे त्यांना दिलेले वचन तेत्सुकोला पाळता आले नाही; ती दूरचित्रवाणीवरील ख्यातनाम नटी व मुलाखतकार झाली. पुस्तकाच्या पहिल्याच वर्षी लक्षावधी प्रती खपल्या. २०२३ साली तिने, नव्वदीत, त्याचा पुढचा भाग प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ पुस्तकावरील चित्रपट निघाला. बालशाळा मात्र तिने लिहावयास घेण्याच्या सुमारासच बंद पडली होती. त्या जागी दुकानांची इमारत आली, व जवळच शाळेची खूण म्हणून एक दगड बसविण्यात आला. दोन्ही रेल्वेमार्ग आजही तेथे एकमेकांस छेदतात.